स्थूलता-शस्त्रक्रिया

अतिस्थूल व्यक्तीचे वजन कमी करण्यासाठी जठर व लघ्वांत्र (लहान आतडे) यांच्या रचनेत केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलता-शस्त्रक्रिया म्हणतात. व्यवहारात त्या ‘बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया’ या नावाने ओळखल्या जातात. त्वचेखालील मेद शोषून काढण्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेहून त्या सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांत मेद काढला जात नाही. जठराची धारणक्षमता, अन्नाचा मार्ग आणि भुकेचे नियंत्रण करणारी हॉर्मोने यांत दीर्घकालीन बदल घडवून आणला जातो. त्यामुळे या उपचाराचे यश शल्यतज्ञाच्या कौशल्याइतकेच रुग्णाची पूर्वतयारी व नंतरचा आयुष्यक्रम यांवर अवलंबून असते.

इतिहास : लघ्वांत्राचा बराचसा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेचे वर्णन अमेरिकेतील क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये केले. तिने वजन घटे. परंतु अतिसार, मूतखडे व यकृताचे विकार उद्भवल्याने ती मागे पडली. एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात जठराचा मोठा भाग वगळण्याची (जठरवगळ) पद्धत सुरू केली. १९९० नंतरच्या दशकात पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र रूढ झाले व रुग्णाच्या वेदना आणि रुग्णालयातील मुक्काम कमी झाला.

प्रकार : सध्या दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सु. तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात व नळीसारखा अरुंद भाग शिल्लक ठेवतात. जठरवगळ शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सु. ३० मिलि. क्षमतेची पिशवी तयार करून ती लघ्वांत्राच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर व ग्रहणी ही अन्नाच्या मार्गातून वगळली जातात, परंतु शरीरातच राहतात.

रुग्णाची निवड : वजन (किग्रॅ.) भागिले उंचीचा (मी.) वर्ग म्हणजे देहवस्तुमान निर्देशांक. १.६० मी. उंची व ९० किग्रॅ. वजन असल्यास तो सु. ३५ येतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार निर्देशांक किमान ४०, अथवा गंभीर सहविकार असल्यास किमान ३५, असणे आवश्यक मानले जाई. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा ३५ पर्यंत व चयापचयाचे विकार असल्यास ३० पर्यंत खाली आणली. आशियाई लोकांत कमी वजनातही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्या बाबतीत २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असेही सुचविले गेले. मात्र निर्देशांक हा केवळ एक निकष होय. व्यसनाधीनता किंवा अनियंत्रित मानसिक विकार असल्यास त्यांवर आधी उपचार करावे लागतात.

पूर्वतयारी : रक्तशर्करा, रक्तक्षय, अवटु ग्रंथीचे कार्य, लोह, जीवनसत्त्वे ब१२ व ड यांची तपासणी करतात. स्थूल व्यक्तींत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार पुष्कळदा आढळतो. तो न ओळखल्यास भूल देणे धोक्याचे ठरते. धूम्रपान काही आठवडे आधीच बंद करावे लागते, कारण त्यामुळे जखम भरून येण्यास विलंब होतो आणि जठरवगळ शस्त्रक्रियेनंतर जोडाजवळ व्रण होतात. शस्त्रक्रियेपूर्वी सु. दोन आठवडे अल्प उष्मांकाचा आहार देतात. त्याने मेदाने फुगलेले यकृत आकसते व त्याखालील जठरापर्यंत पोहोचणे सुलभ होते. याच काळात लहान घास, सावकाश चर्वण आणि जेवताना पाणी न पिणे यांचा सराव करणे इष्ट असते. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या औषधांत वैद्याच्या सल्ल्यानेच बदल करावेत.

नंतरचे बदल : आहार प्रथम द्रव, मग मऊ व काही आठवड्यांनी घन असा वाढवीत नेतात. भूक वाढविणाऱ्या घ्रेलिन या हॉर्मोनाचे प्रमाण विशेषतः स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर घटते, तर तृप्ती देणारे आंत्रस्राव वाढतात. एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश घट होते. अनेकांची रक्तशर्करा वजन लक्षणीय घटण्यापूर्वीच, काही दिवसांत उतरते. अशा वेळी इन्शुलिनाची मात्रा कमी न केल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. काही रुग्णांत मधुमेह कालांतराने परततो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मृत्युमान तुलनेतील गटापेक्षा कमी आढळले.

उपद्रव व दक्षता : जोडातून गळती, रक्तस्राव व शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे तात्कालिक धोके आहेत. सतत नाडी जलद असणे, ताप अथवा वाढती पोटदुखी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. जलद वजनघटीमुळे पित्ताशयात खडे होतात. जठरवगळीनंतर गोड पदार्थ खाल्ल्यास घाम, धडधड व अतिसार होतो. मद्य लवकर चढते व त्याच्या व्यसनाचा धोका वाढतो.

सर्वांत फसवा धोका कुपोषणाचा आहे, कारण तो वजनघटीच्या समाधानात झाकला जातो. वारंवार उलट्या होत राहिल्यास जीवनसत्त्व ब१ च्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णास शर्करायुक्त द्रव शिरेतून देण्यापूर्वी हे जीवनसत्त्व देणे आवश्यक असते. दररोज किमान ६० ग्रॅ. प्रथिने पोटात जावी लागतात. शाकाहारी व्यक्तीस ती डाळी, दूध, दही, पनीर, सोयाबीन यांतून जाणीवपूर्वक मिळवावी लागतात. शाकाहारात ब१२ मुळातच अल्प असल्याने ते आजन्म पूरक स्वरूपात घ्यावे लागते. लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्व ड यांचीही जोड द्यावी लागते. निर्जल उपवास वैद्यास विचारल्याशिवाय करू नयेत. स्त्रियांनी साधारणतः १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. जठरवगळीनंतर तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नये.

सामाजिक व मानसिक बाजू : जेवणात आग्रह करण्याची रीत असलेल्या कुटुंबात थोडे खाणारा रुग्ण अवघडून जातो. म्हणून आहाराविषयीच्या सल्ल्यात कुटुंबीयांनाही सामावून घेणे हितावह ठरते. सैल पडलेली त्वचा, बदललेली शरीरप्रतिमा व नातेसंबंधांतील ताण यांमुळे काहींना खिन्नता येते. काही वर्षांनी थोडे वजन पुन्हा वाढणे सामान्य आहे. त्यास अपयश मानून तपासणीस जाणे टाळणे अधिक हानिकारक ठरते. स्थूलता हा दीर्घकालीन विकार आहे. शस्त्रक्रिया त्याच्याशी झगडण्याचे प्रभावी साधन देते. परंतु दरवर्षीची रक्ततपासणी व आहारनियम यांपासून ती रुग्णास मुक्त करीत नाही.