उजव्या गालावरचा वारा

संक्रांतीला मुलुंड-बोरिवलीतल्या एखाद्या गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसणाऱ्याला वाऱ्याचा एक धडा फुकटात मिळतो. सकाळी पतंग पश्चिमेला, समुद्राकडे झुकलेले असतात. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो. ठुमक्या मारून हात भरून येतात, अर्धे पतंग झाडांत आणि तारांत अडकतात, पोरं कंटाळून जेवायला खाली उतरतात. ती परत वर येतात तेव्हा तेच पतंग उलट दिशेला, ठाण्याच्या खाडीकडे धावू लागलेले असतात. सकाळचा तो मतलई वारा आणि दुपारचा तो खारा. भूगोलाच्या पेपरात दोघांमधला फरक लिहून आपण मार्क मिळवलेले असतात, पण गच्चीवर तो फरक मांजातून थेट बोटाला कळतो.

आपण बेटावर राहतो, हेही उपनगरात कुणाच्या लक्षात नसतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची वस्ती. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. अक्षांश १९, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलं खाली. पर्यटन कंपन्यांच्या गुळगुळीत पत्रकांत जो ‘उष्ण कटिबंधातल्या बेटाचा किनारा’ लाखभर रुपयांना विकला जातो, त्याची व्याख्या जुहूला तंतोतंत लागू पडते. तिथे जायला रिक्षा पुरते. मग अशा किनाऱ्यांवर जो खेळ हटकून चालतो, तो काइटसर्फिंगचा खेळ जुहूला का जमू नये?

खेळ थोडक्यात असा: पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला वीसेक मीटर लांबीच्या दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला सात ते चौदा चौरस मीटरचा पतंग. हा पतंग पाण्यात पडला तर काय करायचं, या प्रश्नाने बरीच वर्षं घोळ घातला होता. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ साली त्यावर पेटंट घेतलं. पतंगाच्या पुढच्या कडेत हवा भरायची, म्हणजे तो तरंगतो आणि पाण्यावरूनच पुन्हा उचलता येतो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पतंगाच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, त्याही पॅरिसपासून दूर मार्सेच्या समुद्रात.

आपल्याला यातली एक गोष्ट घरबसल्या समजते, ती म्हणजे कन्नी. पतंगाला कन्नी बांधताना वरचा दोरा थोडा आखूड-लांब केला की पतंगाचा वाऱ्याला तोंड देण्याचा कोन बदलतो, आणि तो गिरक्या तरी खातो किंवा सुसाट तरी चढतो. काइटसर्फरच्या हातातला आडवा दांडा हेच काम उडत्या पतंगावर, क्षणाक्षणाला करतो. दांडा ओढला की मागच्या दोऱ्या ताणल्या जातात, कोन वाढतो, ओढ वाढते. सोडला की ओढ ढिली पडते. गच्चीवर एकदा बांधलेली कन्नी दिवसभर तशीच राहते, इथे ती चालू खेळात बदलत राहते, एवढाच फरक.

ओढीचं गणित मात्र गच्चीपेक्षा भयंकर आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वारा चौदा नॉटवर गेला तर बोलायला चारच नॉट वाढले, म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटर, पण ओढ दुप्पट होते. म्हणून जाणकार वाऱ्याप्रमाणे पतंगाचा आकार बदलतात. मध्यम वजनाच्या माणसाला बारा नॉटच्या खाली मोठा पतंगही नीट ओढत नाही, आणि पंचवीसच्या वर नवशिक्याने किनाऱ्यावर बसून राहावं.

जुहूचा खारा वारा या मापात कुठे बसतो? फेब्रुवारी ते मे या काळात चांगल्या दुपारी तो दहा ते पंधरा नॉटच्या घरात असतो. काठावर पास, असंच म्हणावं लागेल. पण वेगाइतकीच दिशाही महत्त्वाची. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा सगळ्यात घातक, कारण दोरी तुटली की पुढचा मुक्काम अरबी समुद्रात. म्हणजे सकाळचा मतलई बाद. समुद्रावरून सरळ छातीवर येणाराही नको, कारण तो पतंगासकट माणसाला वाळूवर आणि तिथून थेट भेळेच्या गाड्यांवर नेऊन आदळतो. हवा असतो तिरका वारा, किनाऱ्याला थोडा समांतर आणि थोडा आत येणारा.

इथे पृथ्वी मदतीला येते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते, तेव्हा ती साधारण पश्चिमेकडून येते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळत जाते, आणि तास-दोन तासांत वारा वायव्येकडे सरकतो. जुहूच्या वाळूत समुद्राकडे तोंड करून उभे राहा. साडेबारा-एकला वारा नाकावर येत असेल, तर साडेतीन-चारला तो उजव्या गालावर लागतो. वारा गालावर आला की पतंग उचलायची वेळ झाली. मेच्या अखेरीला तोच वारा नैऋत्येकडे झुकू लागतो, तेव्हा डावा गाल गार पडतो आणि पाऊस जवळ आल्याचं कळतं.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनाही हा वारा दिसतो, फक्त त्याचं नाव वेगळं पडलेलं असतं. घाटकोपरच्या डोक्यावरून विमानं पोट दिसेल इतक्या खालून पश्चिमेकडे का उतरतात? विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरलं तर जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग कमी राहतो, आणि आपला वारा बहुतेक काळ पश्चिमेचा. त्या टोकाकडून धावपट्टीवर रंगवलेला २७ हा आकडा म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. घाटकोपरकराला विमानाचा आवाज सहन करावा लागतो, तो जुहूच्या वाऱ्यामुळे.

हा वारा कधी कधी उशिरा येतो. मार्चमध्ये पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला की तो खाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्याबाहेर थोपवून धरतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. मार्चमधल्या अशा काहिलीच्या दिवसांमागे बहुधा हीच रखडपट्टी असते. त्या दिवशी पतंगवाला जुहूला जांभया देत बसतो आणि मुलुंडकर पंख्याखाली शिव्या देतो. मुलुंडची अडचण मुळातच जास्त, कारण त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे आहेत. खारा वारा तिथे पोहोचतो तो थकून.

वाऱ्यानंतर पाणी, आणि मुंबईत पाण्याचा हिशोब सोपा नाही. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. जुहूचा उतार इतका मंद की ओहोटीला क्रिकेटचे तीन-चार सामने शेजारी शेजारी चालतील एवढी वाळू उघडी पडते आणि भरतीला पतंग पसरायलाही जागा उरत नाही. कोकणातला जुना ठोकताळा इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी.

आता वाऱ्याची वेळ यावर ठेवून बघा. वारा चढतो दुपारी तीन-चारला. चतुर्थीला नेमकी तेव्हाच पूर्ण भरती, म्हणजे वाळूच नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे वारा चढत असताना पाणी मात्र बाहेर खेचत असतं. आत येणारा वारा आणि बाहेर जाणारं पाणी यांची टक्कर झाली की लाटा उभ्या, तुटक होतात, आणि पतंग पडलाच तर ओहोटी आपल्याला घेऊन निघते. दशमी-एकादशी मात्र सोयीची. दीड-दोनला पाणी तळाला, वाळू मोकळी, आणि पुढची सारी दुपार भरती हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत राहते. शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याची चढउतारही कमी. कुठल्याही आंतरराष्ट्रीय ॲपपेक्षा स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर इथे उपयोगी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हाच हिशोब घेऊन मात्र अक्साच्या किनाऱ्यावर जाऊ नये. तिथे वाळू मोकळी आणि वारा स्वच्छ असला तरी खाडीचं तोंड जवळ आहे, पाण्याखालची वाळू जागा बदलते, खड्डे पडतात. तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. पोहणाऱ्याला जिथे धोक्याची पाटी आहे, तिथे पतंगवाल्याला सूट कशी मिळणार?

पावसाळ्यात वारा हवा तेवढा, किंबहुना जास्तच. पण तो जमिनीच्या तापण्यावर चालणारा नव्हे, हजारो किलोमीटरवरून आलेला नैऋत्येचा. झोताझोताने येतो, आणि ढगाखालून सुटलेला एक झोत पुरे, वेगाच्या वर्गाचं गणित आठवा. वेसाव्याचे कोळी जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या उगाच नाहीत. ऑक्टोबरमध्ये याच्या अगदी उलट: पान हलत नाही.

तुलनेला रामेश्वरम घ्या. तेही बेटच. एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसरीकडे मन्नारचं आखात आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा, आणि दोन्ही वेळा बेटाच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला सपाट, उथळ पाणी मिळतं. काइटसर्फिंग शिकायला देशभरातून लोक तिथे जातात ते यामुळे. त्यात उंच इमारती नाहीत. जुहूला किनाऱ्याला लागून इमारतींची रांग आहे. समुद्रावरून आलेला वारा त्यांना अडून वर उसळतो आणि वाळूवर भोवरे होतात, त्यामुळे पतंग उचलायची सगळ्यात नाजूक वेळ सगळ्यात खराब हवेत येते. वरून जुहू विमानतळावरची हेलिकॉप्टरं, खाली रविवारची गर्दी, आणि माणसाच्या वजनाने ताणलेल्या दोऱ्या. मांजाने काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणजे जुहूला उरते ती मधल्या वारची, मार्चमधली, दशमीची दुपार. अशा दुपारी वर्षातून एक-दोनच मिळत असतील. मी काइटसर्फर नाही, घाटकोपरच्या गच्चीवर पतंग काटून घेण्यातच माझी हयात गेली. तरी अशा एका दुपारी मी ओल्या वाळूत उभा होतो. साडेतीनला उजवा गाल गार पडला, आणि मागे कुणाच्या तरी हातातली भेळेची कागदी पुडी उडून आग्नेयेकडे गडगडत गेली.