तहान लागण्यापूर्वी विहीर

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्ल्यू ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातील या रोगाचा तो पहिला बळी होय. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. परंतु त्या वेळी लस उपलब्ध नव्हती.

असे का झाले? फ्ल्यूचा विषाणू आपले रूप सतत बदलतो. नव्या रूपावर जुनी लस पुरेशी ठरत नाही आणि नवी लस तयार करून तिची चाचणी घेण्यास काही महिने लागतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस तयार केली. ती जुलै २०१० मध्ये बाजारात आली. पुढच्याच महिन्यात महासाथ संपल्याचे जाहीर झाले. तो विषाणू मात्र नाहीसा झाला नाही. हंगामी फ्ल्यूच्या रूपाने तो आजही आढळतो.

म्हणूनच फ्ल्यूची लस दरवर्षी घ्यावी लागते. लस घेतल्यावर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे ती साथीपूर्वीच घेणे हिताचे असते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना प्राधान्य द्यावे. गर्भवतींना मात्र फवाऱ्याची नव्हे, टोचण्याची लस देतात. लस घेऊनही फ्ल्यू होऊ शकतो. पण तो जिवावर बेतण्याचा धोका बराच कमी होतो.