चौदा दिवसांचा हिशेब

घरातली दारे बिजागऱ्यांवरून काढा, ती आतल्या भिंतीला तिरपी टेकवा, त्यांवर मातीने भरलेल्या पिशव्या रचा आणि त्या आडोशाखाली राहा. चौदा दिवस घर सोडू नका. अणुबॉम्ब पडण्याचे भय निर्माण झाले तर नागरिकांनी काय करावे, हे सांगणारी ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने मे १९८० मध्ये ५० पेन्सना विक्रीला आणली. हा सल्ला तिच्यातला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. पण चौदा हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. स्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीची तीव्रता ठोकळमानाने अशी घटते: वेळ ७ पट झाला की तीव्रता एकदशांश उरते. पहिल्या तासाच्या शेवटी ती १००० मानली, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि ३४३ तासांनी १. आता ३४३ ला २४ ने भागा. आले ना १४ दिवस? माती गॅमा किरणांना अडवते, हेही खरेच. गणित बरोबर आहे. मात्र घर जागेवर उभे आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे.

दुसरी सूचना अशी की, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग द्यावा. पांढरा पृष्ठभाग उष्णता परावर्तित करतो, हे तुम्ही शिकला आहात. स्फोटाची उष्णता प्रकाशाच्या वेगाने येते आणि रंगवलेली काच ती काही अंशी परतवीलही. पण मागोमाग हवेच्या दाबाची लाट येत असते. एक मेगाटनाचा बॉम्ब १० किलोमीटरांवर फुटला, तर ती अर्ध्या मिनिटाच्या आत पोहोचते आणि रंगासकट काचेचे तुकडे खोलीभर उडवते. रंगाचा उपयोग तेवढ्या सेकंदांपुरता!

पिण्याच्या पाण्याचाही हिशेब होता. माणशी रोज २ पिंट, म्हणजे १४ दिवसांना साडेतीन गॅलन, सुमारे १६ लिटर. आडोशात कोणी दगावले तर प्रेत दुसऱ्या खोलीत हलवावे, झाकावे आणि त्याला नावाची चिठ्ठी बांधावी. बाकी रेडिओवरच्या सूचना ऐकत राहायचे. पण पंधराव्या दिवशी नळाला पाणी कोण सोडणार? भाजलेल्यांना कोणत्या रुग्णालयात न्यायचे?

रुग्णालयांबद्दलचे उत्तर १९८३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संघटनेने आपल्या अहवालात दिले. एक मेगाटनाचा एकच बॉम्ब ब्रिटनवर पडला, तरी त्यातल्या जखमींवर उपचार करणे देशाच्या आरोग्यसेवेला झेपणार नाही.