बाल्साच्या काडीचे 'मारुत'

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघाले की हमरस्त्यावर वडनेर भोलजी लागते. भोवताली कपाशी, सोयाबीन, ज्वारीची शेते. ज्वारी निघाली की आपल्या या भागातली पोरे धांडे सोलून बैलगाड्या करीत. आतला भुसभुशीत गाभा म्हणजे गाडीची साटी, आणि सालीच्या टोकदार काड्या म्हणजे जू, दांडी नि आस. खिळा नाही, डिंक नाही, गाडी मात्र चाकांवर पळायची. आता असल्या गाड्या कमी दिसतात. पण हा खेळ ज्याच्या हातात बसला आहे, त्याला जेट विमानाची प्रतिकृती करणे फार परके वाटू नये. कारण तिथेही काम तेच आहे: हलका गाभा घ्यायचा आणि त्याला नेमका आकार द्यायचा.

प्रतिकृतीसाठी जगभर बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. इक्वेडोर देशातून त्याचा सर्वांत मोठा पुरवठा होतो. आपल्या काटेसावरीचे ते भाऊबंद, आणि कपाशीही लांबून त्याच गोतातली. पाच-सात वर्षांत ते तोडणीला येते. एक घनफूट सागवान सुमारे 18 किलो भरते, तर तेवढाच बाल्सा साधारण साडेचार किलो. ओल्या झाडाच्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात. लाकूड भट्टीत वाळवले की पाणी जाते आणि पोकळ्या राहतात. बाल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा. 1947 साली थॉर हायरडाल याने बाल्साच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंतचा समुद्र 101 दिवसांत पार केला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या मॉस्किटो विमानाचे अंगही बर्चच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा भरून केलेले होते. आजच्या पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटातही हे लाकूड असते. तेव्हा 'पोराटोरांचे लाकूड' म्हणून त्याला हिणवू नये.

आता विमान कोणते करावे? माझे मत विचाराल तर आपल्याच देशाचे 'मारुत'. जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात ते घडले. आणि त्याची हकीकत आपल्या विषयाला अगदी लागून आहे. खरे जेट करण्याआधी त्यांनी त्याच मापाचे, त्याच आकाराचे, बिनइंजिनाचे लाकडी विमान बांधले. 1959 मध्ये डाकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते आकाशात नेले आणि तिथे सोडून दिले. ते कसे तरंगते, कसे वळते, कुठे डगमगते हे वैमानिकांनी त्यात बसून पाहिले. आकार लाकडात पारखून झाला, आणि मग 17 जून 1961 रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी धातूचे मारुत पहिल्यांदा उडवले.

पुढे मात्र दैवाने साथ दिली नाही. ज्या जोरकस इंजिनाचा हिशेब धरून आराखडा केला होता, ते इंजिन मिळालेच नाही. कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले, आणि सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडायचा बेत बेतच राहिला. दास यांना जानेवारी 1970 मध्ये याच जातीच्या विमानाच्या चाचणीत मरण आले. तरी एकूण 147 मारुत बांधली गेली, 1971 च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली, आणि 1990 मध्ये निवृत्त झाली. अंगकाठी उत्तम पण इंजिन उणे, असे हे विमान. प्रतिकृतीला इंजिन लागतच नाही. तिथे अंगकाठीच काय ती महत्त्वाची.

खरे मारुत 15.87 मीटर लांब, आणि पंख्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 9 मीटर. चोविसावा हिस्सा धरला तर लांबी 66 सेंटिमीटर आणि रुंदी साडेसदतीस. प्रत्येक माप 24 ने भागत जायचे. ज्या मुलाला शाळेत गुणोत्तर नको वाटते, त्याच्याकडून हा भागाकार करवून पाहा.

आधी पुरा आराखडा कागदावर काढावा. तो सपाट पाटावर ठेवून वर पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरावा, म्हणजे डिंक खाली चिकटत नाही. विमानाचे धड म्हणजे आडवी ठेवलेली कणगीच समजा: बाल्साच्या गोल चकत्या ओळीने उभ्या करायच्या, त्यांच्या कडेने लांब काड्या लावायच्या, आणि वरून पातळ फळीची साल चढवायची. फळी वाकत नसेल तर बाहेरून किंचित ओली करावी. मारुतची कमर पंख्यांपाशी बारीक आहे. वेगात हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ती तशी ठेवली होती. नवखा माणूस इथेच चुकतो; चकत्या सारख्याच व्यासाच्या कापतो, आणि विमान मुसळासारखे दिसते.

कापायला नवे कोरे पाते हवे. बोथट पाते बाल्सा कापत नाही, चेंगरते. लहान मुलांच्या हाती पाते देऊ नये. कापणे मोठ्यांचे, घासणे आणि जोडणे मुलांचे. सांध्यांना सुताराचा पांढरा डिंक पुरतो, पण तो थोडाच लावावा, कारण डिंकाचेही वजन होते. मग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे.

सारे झाल्यावर विमान तीन चाकांवर उभे करा. बहुधा ते शेपटीवर बसेल! कारण पंखे मागे रेललेले, त्यामुळे भार मागे. नाकात चार-दोन बारीक छर्रे किंवा नट चिकटवले की ते सरळ उभे राहते. म्हणून नाक बंद करण्याआधीच ही परीक्षा घ्यावी. हातातून तरंगवायचे छोटे मॉडेल केले, तर दोन्ही पंख्यांखाली एकेक बोट देऊन तोल पाहावा. नाक जरा खाली झुकले तर चालेल, शेपूट झुकता कामा नये.

घरातून विचारणा होईल, अभ्यास सोडून काड्या काय जोडीत बसलास? वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ती रास्तच आहे. पण एरवी संध्याकाळचा तासभर देऊन दीड-दोन महिन्यांत हे काम होते. शिवाय एन.सी.सी.च्या हवाई शाखेत विमानांची मॉडेले करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. पुढे नागपूर-पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी तिथल्या पथकाची चौकशी जरूर करावी.

बाल्सा खेड्यात मिळत नाही. मोठ्या शहरांतल्या मॉडेलच्या दुकानांतून तीन फूट लांब, तीन-चार इंच रुंद फळ्या मागवाव्या लागतात, आणि त्या स्वस्त नसतात. म्हणून पहिले विमान धांड्याच्या गाभ्याचे आणि पुठ्ठ्याचे करावे. पांगाऱ्याचे लाकूडही हलके असते, पण त्याच्या पातळ फळ्या काढायला सुतार ओळखीचा हवा. पहिले बिघडले तर बिघडू द्या. माप हातात बसले की मग बाल्सा मागवा.

पुण्याला जाणे झाले, तर एरंडवण्यात भांडारकर रस्त्याजवळच्या कमला नेहरू उद्यानात खरे मारुत उभे आहे. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही एक आहे. जाताना आराखडा बरोबर घ्या, आणि बाजूला उभे राहून ती कमर नीट पाहून घ्या.