धुराडे गळते म्हणून काढू नका

गेल्या पावसाळ्यात घरोघर फिरताना एका माउलीच्या स्वयंपाकघरात आम्ही शिरलो, तो डोळे चुरचुरू लागले. चूल निर्धूर होती, पण तिचे धुराडे कुठे दिसेना. विचारले तर म्हणाली, "फादर, ते गळत होतं. चुलीत पाणी यायला लागलं, तेव्हा ह्यांनी ते काढून टाकलं आणि भोकावर कौल बसवलं." गळती थांबली खरी, पण सगळा धूर आता घरात. म्हातारीला मोतीबिंदू, नातवाला खोकला. चुलीच्या धुराने हे दोन्ही वाढतात आणि लहान मुलांना न्यूमोनियाही होतो, हे आता डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात.

तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमच्या स्वतःच्या धुराड्याभोवती आम्ही तीन वर्षे दर मे महिन्यात सिमेंट थापत होतो आणि दर जूनमध्ये खाली पातेले ठेवत होतो. कारण उशिरा ध्यानात आले. नळी तापली की फुगते, निवली की आकसते. पावसाळ्यात वासे-रिपाही फुगतात. सिमेंट मात्र ताठ. त्याला केसाएवढी चीर पडते आणि तेवढी पुरते. डांबर लावावे तर ते उष्णतेने पातळ होऊन ओघळते, शिवाय पेटण्याची भीती.

दुरुस्तीआधी पाणी कोठून येते ते पाहावे. पाऊस नसतानाही तपकिरी, चिकट थेंब पडत असतील तर दोष छपराचा नव्हे, ओल्या लाकडाचा. त्याची वाफ गार नळीत जमून खाली उतरते. सुके सरपण घाला, थेंब कमी होतील. नळीच्या आतून थेट चुलीत पाणी येत असेल तर वरची टोपी उडाली किंवा गंजली आहे. पण नळीच्या बाहेरून, कौलांजवळून ओघळ येत असेल तर सांधा गळतो आहे. उघडिपीच्या दिवशी, चूल विझवून नळी गार झाल्यावर, एकाने आत उभे राहावे आणि दुसऱ्याने तांब्याने पाणी ओतावे. आधी नळीच्या खालच्या कौलांवर, मग दोन्ही बाजूंना, मग वरच्या अंगाला, आणि शेवटी नळीवर. पहिल्यानेच वरून ओतले तर पाणी सगळीकडे पसरते आणि काहीच कळत नाही.

आता सांध्याचा उपाय. कौलांचे सगळे शहाणपण एवढेच, की वरचे कौल खालच्यावर चढते. नळीभोवतीही तेच करायचे. सुमारे दोन फूट लांब-रुंद जस्ती पत्रा घ्यावा. मध्ये नळीपेक्षा बोटभर मोठे भोक पाडून त्याची कड इंचभर वर वळवावी. पत्र्याची वरची कड वरच्या कौलांच्या ओळीखाली सरकवावी, खालची कड खालच्या कौलांवर यावी. बाजूच्या कडा अर्धा इंच उभ्या वळवून शेजारच्या कौलांखाली घ्याव्यात. मग पत्र्याचीच एक छोटी छत्री करून नळीवर तारेने आवळावी, म्हणजे भोकाची वळवलेली कड तिच्याखाली झाकली जाईल. छत्री पत्र्याला जोडू नये. नळी हलली तर छत्री तिच्याबरोबर हलेल आणि काही तुटणार नाही. छत्री आणि नळी यांच्या फटीत मात्र थोडे सिमेंट चालते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा छत्रीचा सांधा ईशान्येला ठेवावा.

वासा किंवा रीप नळीपासून निदान वीतभर दूर हवी. ओल्या कौलांवर चढू नये. सुक्या कौलांवरही शिडी आडवी टाकूनच जावे. १९८३ साली सुरू होऊन २००२ साली बंद झालेल्या सरकारी निर्धूर चुलींच्या कार्यक्रमातल्या सिमेंटच्या नळ्या काही घरांत अजून आहेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती नळी करवतीने कापू नये, घासू नये, फोडू नये. तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तडकली असेल तर पत्र्याची नळी बसवावी. स्वस्त पडते म्हणून प्लॅस्टिकची नळी लावणारेही आम्ही पाहिले आहेत. ती वितळते.

घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी, भाताची उकड आणि गुरांचे आंबोण चुलीवरच होते, तेव्हा धुराडे लागणारच. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढावी, टोपीची जाळीही पाहावी. काजळीने नळी तुंबली की सांधा कितीही चांगला असो, धूर घरातच उतरतो.

त्या माउलीच्या घरी आम्ही मृगाआधी पुन्हा गेलो. मुलाने पत्रा, छत्री, सगळे एका दुपारी बसवले. जुलैच्या झडीत पाहिले, तर चुलीमागची भिंत कोरडी होती आणि तिथे तिने मिरच्यांची टोपली ठेवली होती.