पडदा खिडकीच्या आत की बाहेर?

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य निघाले, की बैठकीच्या खोलीला नवे पडदे घेण्याची चर्चा सुरू होते. दुकानात गेल्यावर कोणी रंग पाहतो, कोणी फुलांची नक्षी पाहतो, तर कोणी मीटरचा भाव विचारतो. पण एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बालमित्रांनो, तो प्रश्न असा: आपल्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे?

पडद्याची बरीवाईट निवड या एका प्रश्नावर अवलंबून असते. पडदा हा केवळ शोभेचा कपडा नाही. तो प्रकाश अडवतो, उष्णता अडवतो, आवाज थोडा शोषतो. चुकीच्या जागी लावला, तर पैसे खर्च होऊनही खोली तापतच राहते. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत घरातले तान्हे मूल झोपलेले असते, आजी-आजोबा पडलेले असतात. उष्म्याचा त्रास सर्वांत आधी त्यांनाच होतो. तेव्हा हा विषय नीट समजून घेऊ.

सूर्याची वाट

उदाहरणासाठी कुरुंदवाड हे गाव घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी ते वसलेले आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम जेथे होतो ती नृसिंहवाडी येथून अगदी जवळ, पलीकडच्या काठावर आहे. कुरुंदवाडचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत. एवढ्या एका आकड्यावरून तेथील प्रत्येक खिडकीत ऊन केव्हा येणार हे सांगता येते.

सूर्य वर्षातून दोनदा कुरुंदवाडच्या बरोबर डोक्यावर येतो: एकदा ७ मेच्या सुमारास आणि पुन्हा ६ ऑगस्टच्या सुमारास. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता मात्र ती पाहू नका. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि कुरुंदवाड त्याच्या जवळजवळ ८ अंश पश्चिमेला आहे. म्हणून तेथे खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते.

या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला नसून किंचित उत्तरेला असतो. 'उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही' हे पुस्तकी वाक्य म्हणूनच आपल्याकडे पूर्ण खरे नाही. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येते, पण थंडीत ते हवेहवेसेच वाटते.

खरी अडचण पश्चिमेच्या खिडकीची आहे. खिडकीवर ४५ सेंटिमीटर रुंदीचा छज्जा आहे असे समजा. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३९ अंश वर असतो. त्या वेळी छज्जाची सावली खिडकीवर सुमारे ३७ सेंटिमीटर खाली येते. साडेपाच वाजता सूर्य १८ अंशांवर उतरतो आणि सावली जेमतेम १५ सेंटिमीटर उरते. म्हणजे दिवस सर्वांत तापलेला असताना छज्जा जवळजवळ निरुपयोगी होतो. पूर्वेच्या खिडकीचीही तीच गोष्ट, पण ती सकाळी, जेव्हा हवा अजून थंड असते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवाच. पण तो कोठे?

काच कशी फसवते?

स्वच्छ आकाश असताना मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या खिडकीवर दर चौरस मीटरला सुमारे पाचशे वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. खिडकी सव्वा मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असेल, तर ही ऊर्जा साडेसातशे वॅटच्या घरात जाते. विजेची लहान शेगडी खोलीच्या तोंडाशी पेटवून ठेवावी, तसाच हा प्रकार.

आता समजा, काचेच्या आत जाड, गडद रंगाचा पडदा लावला. खोलीत अंधार झाला, म्हणून आपल्याला वाटते की ऊन अडले. पण ऊन अडले ते काच ओलांडून आत आल्यावर! पडद्याने ते शोषले आणि पडदाच तापला. तापलेली प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकते. सूर्याच्या किरणांची तरंगलांबी सर्वसाधारणपणे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते आणि काच त्यांना सहज वाट देते. तापलेला पडदा मात्र नऊ-दहा मायक्रॉन लांबीचे उष्णतेचे किरण टाकतो आणि साधी काच त्यांना अपारदर्शक असते. आत येताना उघडे असलेले दार बाहेर जाताना असे बंद होते.

एवढ्यावर हे थांबत नाही. काच आणि पडदा यांमधील हवा तापते, हलकी होते आणि पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीत शिरते. तिच्या जागी खालून थंड हवा येते, तीही तापते. चुलीच्या धुराड्यासारखा हा प्रवाह दुपारभर चालू राहतो. पंखा लावला, तर तो हीच गरम हवा खोलीभर फिरवतो.

पडदा पांढरा किंवा फिकट असेल, निदान त्याचे काचेकडचे अस्तर तरी पांढरे असेल, तर चित्र सुधारते. पांढरे कापड बराच प्रकाश जसाच्या तसा परत फेकते. प्रकाशाची तरंगलांबी बदललेली नसल्याने तो काचेतून पुन्हा बाहेर जाऊ शकतो. असा पडदा खिडकीतून येणारी साधारण निम्मी उष्णता अडवू शकतो, गडद पडदा त्याहून बराच कमी.

पण पडदा काचेच्या बाहेर लावला तर? मग तापलेल्या पडद्याभोवती मोकळी हवा असते. वारा त्याची उष्णता परस्पर घेऊन जातो. त्याने टाकलेले उष्णतेचे किरण काच अडवते, पण या वेळी ती ते घरात येण्यापासून अडवते. काच आता आपल्या बाजूची झाली! बाहेरचा चांगला पडदा तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णता अडवू शकतो.

आपल्या आजी-पणजींना हे सूत्र शास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. सोप्याच्या बाहेर, पडवीच्या कडेला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडण्याची पद्धत याच कारणाने पडली. वाळ्याचा पडदा तर याहून एक पाऊल पुढे. त्यावर पाणी शिंपडले की ते वाफ होऊन उडून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती पडद्यातून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते आणि वारा गार होऊन आत येतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा उपाय छान चालतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पाणी उडत नाही आणि गारवाही मिळत नाही.

करून पाहा

बुटांची सारख्या मापाची दोन खोकी घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला सारख्याच आकाराची चौकोनी खिडकी कापा आणि तीवर काचेचा तुकडा चिकटवा. काचेच्या कडा धारदार असतात, म्हणून हे काम मोठ्या माणसाकडून करून घ्या. एकाच गडद कापडाचे दोन तुकडे घेऊन पहिल्या खोक्यात काचेच्या आत आणि दुसऱ्यात काचेच्या बाहेर दोन बोटे अंतर ठेवून टांगा. दोन्ही खोक्यांत प्रयोगशाळेतला एकेक तापमापक ठेवा; ताप मोजण्याचा घेऊ नका. झाकणे लावून खिडक्या उन्हाकडे करा आणि दर पाच मिनिटांनी, असे अर्धा तास, तापमान लिहून घ्या. मग गडद कापडाच्या जागी पांढरे कापड लावून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळचे आलेख एकाच कागदावर काढले, की पडद्याच्या दुकानात काय मागायचे ते तुम्हाला आपोआप कळेल.

कापडाची पारख

कुरुंदवाडच्या मुलांना कापडाची माहिती मिळवायला दूर जायला नको. जवळच इचलकरंजी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग चालू केला आणि पुढे ते सबंध गाव मागांच्या खडखडाटाने भरून गेले.

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, त्यांना ताणा म्हणतात. त्यांतून आडवा धागा खेळतो, तो बाणा. ताण्याचे धागे सहसा अधिक पिळाचे व मजबूत असतात आणि कमी ताणले जातात. म्हणून पडदा कापताना ताणा वरून खाली यावा. उलट कापलेला पडदा स्वतःच्या वजनाने हळूहळू ओघळण्याचा संभव असतो.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, कारण मागावर ताणलेले धागे पाण्यात मोकळे होऊन मूळच्या लांबीकडे परततात. दोन मीटरचा पडदा शेकडा पाच आटला, तर तो १० सेंटिमीटर तोकडा होतो. म्हणून कापड आधी भिजवून वाळवावे, मग शिवावे. दुकानातच कापड दुहेरी करून उजेडासमोर धरा. धाग्यांमधून जेवढा उजेड दिसेल, तेवढाच तो खिडकीतही दिसणार. कृत्रिम धाग्याचे कापड लवकर वाळते, पण आगीजवळ वितळून अंगाला चिकटते; सुती कापड भडकून जळते. समई, निरांजन आणि शेगडी पडद्यापासून दूर हवी, मग कापड कोणतेही असो.

टांगण्याचे गणित

पुष्कळ घरांत पडदा स्प्रिंगच्या तारेवर ओवतात. तार मध्ये झोळते, म्हणून कोणी ती आणखी ओढून बसवतो आणि थोड्या दिवसांत खिळाच भिंतीतून निघून येतो. असे का व्हावे? तारेची ओढ तिरपी असते आणि पडद्याचे वजन पेलण्यास त्या ओढीचा फक्त उभा भाग उपयोगी पडतो. तार जितकी सपाट, तितका उभा भाग लहान आणि म्हणून ओढ मोठी. दोन मीटर लांबीच्या तारेवर दोन किलोग्रॅमचा पडदा आहे असे समजा. मध्ये ५ सेंटिमीटर झोळ राहू दिला, तर खिळ्यावर सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ येते. झोळ १ सेंटिमीटरवर आणला, तर तीच ओढ ५० किलोग्रॅमवर जाते. झोळ अगदी शून्य करायचा, तर अनंत ओढ लागेल! म्हणून तारेवर हलका पडदाच घालावा.

जड पडद्यासाठी नळीचा दांडा बरा. पण त्यातही एक मेख आहे. दांड्याच्या लांबीभर पडद्याचे वजन सारखे पसरलेले असेल, तर लांबी दुप्पट केल्यावर दांड्याचा बाक दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. म्हणून रुंद खिडकीला मध्ये एक आधार द्या. त्या एका आधाराने बाक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होतो.

दांडा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब असावा. सकाळी पडदे सरकवले की ते भिंतीवर जातात आणि सारी खिडकी उजेडाला मोकळी होते. कापडाची रुंदी दांड्याच्या दीडपट ते दुप्पट घ्यावी. त्यामुळे चुण्या पडतात. त्या दिसायला छान असतातच, शिवाय कापड अधिक मावल्याने खोलीतला घुमणारा आवाजही थोडा शोषला जातो. खालची कड जमिनीपासून दोन बोटे वर ठेवा, म्हणजे पावसाळ्यातली फरशीची ओल कापडात चढणार नाही.

कुरुंदवाडसारख्या नदीकाठच्या गावी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली या भागाने मोठे महापूर पाहिले. पडदे कड्यांनी अडकवलेले असले, तर ते घाईच्या वेळी झटकन काढून माळ्यावर टाकता येतात. एरवीही दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून पडदे मधूनमधून काढून उन्हात घालावेच लागतात.

आता एक काम करा. होकायंत्र घेऊन घरातल्या प्रत्येक खिडकीची दिशा लिहा. तिच्यावर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे दर महिन्याच्या एकाच तारखेला टिपून ठेवा. सूर्याकडे थेट पाहू नका, जमिनीवरचा कवडसाच पाहा. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी हे कोष्टक घरातल्या मोठ्या माणसांना दाखवा. जाड, महागडे कापड सगळ्या खिडक्यांना लागत नाही हे त्यांनाही दिसेल. वाचलेल्या पैशांत पश्चिमेच्या खिडकीबाहेर एक चिकाचा पडदा सहज येईल आणि दुपारी सोप्यात पडलेल्या आजीला त्याचा गुण पहिल्याच दिवशी कळेल.