दार उघडणाऱ्या बटणाची रेडिओ-तपासणी

अमेरिकेतल्या इस्पितळांत, ग्रंथालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत दाराशेजारच्या भिंतीवर स्टेनलेस स्टीलची एक पाटी बसवलेली दिसते. तळहाताहून थोडी मोठी, आणि वर निळ्या रंगात व्हीलचेअरचे चिन्ह. ती हाताने, कोपराने, काठीने, कशानेही दाबली की दाराच्या माथ्यावरची मोटर दार सावकाश उघडते आणि काही सेकंद उघडे धरून ठेवते. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा १९९० चा. त्याखालच्या २०१० च्या मानकांनुसार अशी कळ जमिनीपासून ४८ इंचांहून, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरहून उंच बसवता येत नाही. पाटीपासून मोटरपर्यंत तार न्यायची तर जुन्या इमारतीत भिंत फोडावी लागते, आणि दर्शनी भाग काचेचा असेल तर तार लपवायला जागाच उरत नाही. त्यामुळे पाटीमागच्या डबीत बॅटरी आणि छोटा ट्रान्समीटर बसवतात, आणि मोटरजवळ रिसीव्हर.

ही सोय केली की ती पाटी कायद्याच्या दृष्टीने एक प्रक्षेपण केंद्र ठरते. आकाराने, ताकदीने कितीही क्षुल्लक असली तरी ती मुद्दाम रेडिओलहरी सोडते, आणि असे उपकरण फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, नियमांनुसार तपासून प्रमाणित झाल्याखेरीज अमेरिकेत विकता येत नाही. नियमावलीचा पंधरावा भाग विनापरवाना उपकरणांचा आहे आणि त्यातले १५.२३१ हे कलम अधूनमधून, क्षणभरच बोलणाऱ्या ट्रान्समीटरचे. गॅरेजचे रिमोट, मोटारीची चावी, बिनतारी दारघंटी आणि ही पाटी, सगळ्यांचा संसार याच कलमात चालतो.

परवाना लागत नाही, पण त्या बदल्यात संरक्षणही मिळत नाही. उपकरणाने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास निमूट सोसायचा, या दोन अटी प्रत्येक उपकरणाबरोबर छापाव्या लागतात. त्या वाचायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. दुसऱ्या अटीचा अर्थ मात्र २००४ मध्ये फ्लॉरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या परिसरात लोकांना चांगलाच कळला. तिथे ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नवी लष्करी रेडिओ यंत्रणा सुरू झाली आणि ३९० मेगाहर्ट्झवर चालणारी आसपासची गॅरेजची दारे रिमोटला दाद देईनाशी झाली. पट्टा आधीपासून लष्कराचाच होता. दारवाल्यांना तक्रार करायला कायद्यात जागा नव्हती.

पाटीसाठी ३०० ते ४३४ मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या वारंवारता नेहमीच्या. समजा तिची वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्झ आहे. या आकड्याचे मूळ युरोपात आहे. तिकडच्या ४३३.०५ ते ४३४.७९ या खुल्या पट्ट्याचा तो मध्यबिंदू, आणि त्याला लागणारे सुटे भाग स्वस्तात मिळतात. अमेरिकेत मात्र ही जागा हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात येते आणि मर्यादा खूपच कडक आहे. तीन मीटर अंतरावर क्षेत्राची सरासरी तीव्रता किती चालेल हे वारंवारतेवरून मोजायचे सूत्र कलमातच आहे. ४३३.९२ साठी उत्तर येते मीटरमागे सुमारे ११,००० मायक्रोव्होल्ट, प्रयोगशाळेच्या भाषेत ८०.८ डेसिबल. शक्तीत मांडले तर जेमतेम ३६ मायक्रोवॅट. युरोपात याच वारंवारतेला १० मिलिवॅटपर्यंत मुभा आहे, शेकडो पट जास्त. त्यामुळे युरोपसाठी केलेला ट्रान्समीटर आहे तसा अमेरिकी प्रयोगशाळेत नेला की पहिल्याच मोजणीत नापास होतो. भारतात अशा उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. तिचे निकष पुन्हा वेगळे.

मोजणी होते ती खोली बाहेरून शीतगृहासारखी दिसते. पोलादी भिंती, जाड दरवाजा, दरवाज्याच्या कडेने पितळी पट्ट्यांची झालर. बाहेरचे एफएम, मोबाइल, पोलिसांचे वायरलेस यांतले काही आत येऊ नये यासाठी हे कवच. पण नुसत्या पोलादी पेटीत लहरी भिंतींवर आपटून घुमत राहतील, म्हणून भिंतींना आणि छताला आतून फेराइटच्या फरशा आणि त्यांवर कार्बनयुक्त फोमचे टोकदार सुळके लावतात. जमीन मात्र धातूचीच ठेवतात. मोकळ्या मैदानावर मोजणी करायच्या जुन्या पद्धतीशी आकडे जुळावेत हा त्यामागचा हेतू. एक गिगाहर्ट्झच्या वरची मोजणी सुरू झाली की जमिनीवरही सुळके अंथरतात.

खोलीत फिरते टेबल असते, त्यावर लहरींना आडकाठी न करणारे फोमचे किंवा लाकडाचे बैठे स्टँड. पाटी त्यावर जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर ठेवतात. एक गिगाहर्ट्झच्या वर दीड मीटरवर. तीन मीटरवर खांबाला लावलेला अँटेना. पद्धत एएनएसआय सी६३.१० या मानकात ठरवून दिली आहे आणि तिचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: उपकरण सर्वांत वाईट कुठे वागते ते शोधा. टेबल पूर्ण ३६० अंश फिरते. अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वर सरकतो, कारण थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर कुठल्या उंचीवर एकमेकींत भर घालतील ते आधी सांगता येत नाही. मग अँटेना आडवा धरून हेच, उभा धरून पुन्हा हेच. खिशातला रिमोट असेल तर तो तिन्ही अक्षांवर उभा, आडवा, पालथा करून सगळे पुन्हा. भिंतीवर बसणारी पाटी जशी बसते तशीच ठेवली तर चालते. बॅटरी नवी कोरी घालावी लागते. उतरलेल्या बॅटरीवर सज्जन दिसणारी उपकरणे पुष्कळ असतात.

दिवसभर पाटी दाबून धरायला माणूस बसवता येत नाही, म्हणून उत्पादक एक खास नमुना पाठवतो. त्यातल्या चिपमधला प्रोग्रॅम बदलून तो सतत बोलत राहील असा केलेला असतो. सोबत नेहमीसारखा चालणारा एक साधा नमुनाही लागतो, कारण काही चाचण्या खऱ्या वागण्यावरच करायच्या असतात. स्टीलच्या पत्र्याचा प्रश्न इथेच उघडा पडतो. या वारंवारतेच्या तरंगलांबीचा पाव भाग सुमारे १७ सेंटिमीटर, आणि पाटी साधारण त्याच मापाची. लहर पत्र्याच्या आरपार जात नाही. ती मागच्या प्लॅस्टिक डबीच्या कडांतून वाट काढते आणि पत्रा स्वतःच अँटेनाचा भाग होऊन बसतो. नुसत्या सर्किट बोर्डाची मोजणी आणि पत्रा चढवल्यानंतरची मोजणी जुळत नाहीत ती यामुळे. बोर्ड एका टेबलावर आणि पत्रा दुसऱ्या कारखान्यात, अशा पद्धतीने काम करणाऱ्यांना हे चाचणीच्या दिवशी कळते.

मर्यादा सरासरीची आहे, हा या कलमाचा सगळ्यांत रंजक भाग. प्रयोगशाळा शिखरमूल्य मोजते आणि त्यातून ट्रान्समीटर किती वेळ चालू असतो त्या प्रमाणात वजावट देते. ही वजावट कोडच्या एका पूर्ण फेरीवर काढतात. फेरी १०० मिलिसेकंदांहून लांब असेल तर त्यातल्या सर्वांत गजबजलेल्या १०० मिलिसेकंदांवर. शिखरमूल्य मात्र सरासरीच्या मर्यादेपेक्षा २० डेसिबलहून वर जाऊ द्यायचे नाही.

उदाहरणादाखल एक पाटी घेऊ. तिचा कोड २४ बिटांचा, प्रत्येक बिट १.६ मिलिसेकंदांचा. ‘एक’ असेल तर त्यातले १.२ मिलिसेकंद लहर चालू, ‘शून्य’ असेल तर ०.४. शेवटी ०.४ ची एक खूण आणि १२.४ ची शांतता. एक फेरी ५१.२ मिलिसेकंदांची झाली. कोडमध्ये बारा एक आणि बारा शून्ये असतील तर लहर १९.६ मिलिसेकंद चालू राहते, वजावट ८.३ डेसिबल. आता प्रयोगशाळेच्या मोजणी-रिसीव्हरवर ६८ डेसिबल वाचले, अँटेनाचा गुणांक १६.५ आणि केबलमधली घट २.१ मिळवली की शिखर आले ८६.६. वजावटीनंतर ७८.३. मर्यादा ८०.८, तेव्हा पाटी अडीच डेसिबल राखून पास. त्याच पाटीला चोवीसही बिट ‘एक’ असलेला कोड द्या. लहर आता २९.२ मिलिसेकंद चालू, वजावट ४.९, सरासरी ८१.७. पाटी नापास. बोर्ड तोच, बॅटरी तीच, पत्रा तोच. बदलला तो फक्त कोड.

म्हणून जाणकार प्रयोगशाळा कोड कोणता लावला आहे ते आधी विचारते आणि सर्वांत वाईट कोडवर मोजते. जाणकार डिझायनर तर मँचेस्टर पद्धत वापरतो. तिच्यात प्रत्येक बिटाचा अर्धा वेळ लहर चालू आणि अर्धा बंद, त्यामुळे कोड कुठलाही असो, बिटांपुरती वजावट सहा डेसिबलच राहते. आणखी जोर हवा असेल तर दोन शब्दांमधली, म्हणजे कोडच्या दोन उच्चारांमधली, शांतता वाढवायची. वरच्या पाटीने बारा-बाराचा शब्द १०० मिलिसेकंदांत एकदाच उच्चारला तर वजावट १४ डेसिबलवर जाते. कमी बोलणाऱ्याला मोठ्याने बोलायची परवानगी, असा हा हिशोब. आणि पाटीचा पल्ला त्यामुळे निम्म्याहून अधिक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात येतो. हार्डवेअरवाल्यांना हे पटायला वेळ लागतो.

मूळ वारंवारता झाली की तिच्या पटी. कुठलाही स्वस्त ट्रान्समीटर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतांवरही थोडे सांडतो, आणि दहाव्या पटीपर्यंत, म्हणजे ४,३३९.२ मेगाहर्ट्झपर्यंत, शोध घ्यावा लागतो. सर्वसाधारण मर्यादा मूळच्या २० डेसिबल खाली, म्हणजे ६०.८. पण काही पट्टे एफसीसीने राखून ठेवलेले आहेत आणि तिथे एक गिगाहर्ट्झच्या वर सरासरी ५४ हीच हद्द. ४३३.९२ ची तिप्पट १,३०१.७६. राखीव पट्टा १,३०० ला सुरू होतो आणि १,४२७ ला संपतो. जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्झने पाटी या पट्ट्यात शिरते आणि तिसऱ्या पटीला जवळजवळ सात डेसिबल जास्त कडक नियम लागतो. नापास होणाऱ्या पाट्या बहुधा याच ठिकाणी अडखळतात. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला १,४२०.४ मेगाहर्ट्झवर हायड्रोजनची रेषा आहे. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तीही ऐकते. ३१५ मेगाहर्ट्झची पाटी निवडून यातून सुटका होईल म्हणावे, तर तिची पाचवी पट १,५७५ वर पडते आणि जीपीएसचा मुख्य संकेत १,५७५.४२ वर आहे. तो पट्टाही राखीवच. उपाय जुनाच: अँटेनाच्या आधी एक-दोन कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी. किंमत थोडकी, पण बोर्डवर तिच्यासाठी आधीपासून जागा ठेवलेली असेल तरच.

उरलेल्या चाचण्या झटपट होतात. संकेताची रुंदी शिखरापासून २० डेसिबल खाली मोजायची. ती वारंवारतेच्या पाव टक्क्यात, इथे सुमारे १.०८ मेगाहर्ट्झमध्ये, बसली पाहिजे. बहुतेक पाट्या सहज बसतात. मग साधा नमुना घेऊन पाटी दाबायची, सोडायची आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर बघायचे: हात काढल्यापासून पाच सेकंदांत लहर थांबली पाहिजे.

पाच सेकंदांच्या या अटीला जोडून आणखी एक अट आहे आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला ती जास्त भोवते. ठरावीक अंतराने आपोआप संदेश पाठवणे ८०.८ च्या मर्यादेवर चालत नाही. सुरक्षिततेच्या यंत्रणांना तासाला एकूण दोन सेकंदांची सवलत आहे, दाराच्या साध्या बटणाला ती लागू पडत नाही. कमी ताकदीवर, दोन संदेशांत किमान दहा सेकंदांचे अंतर ठेवून तसे करायची वेगळी वाट कलमात आहे, पण तिथे मर्यादा निम्म्याहूनही खाली येते आणि पल्ला आखडतो. त्यामुळे बहुतेक पाट्या दाबेपर्यंत गप्प असतात. बॅटरी संपत आल्याची खबर दाबल्यावरच, त्याच संदेशात जाते. जे दार आठवडाभर कोणी पाटीने उघडलेले नाही, तिथली बॅटरी संपल्याचे ज्याला दार स्वतः ओढता येत नाही त्यालाच पहिल्यांदा कळते. हवेतली गर्दी टाळण्यासाठी केलेला नियम वाजवी आहे; त्याची झळ कोणाला बसते हे मात्र नियम लिहिताना कोणाच्या डोळ्यांपुढे असावे असे वाटत नाही.

माथ्यावरच्या रिसीव्हरची आणि मोटरच्या कंट्रोलरची तपासणी वेगळी. ते मुद्दाम काही प्रक्षेपित करत नसल्याने उत्पादकाची स्वतःची अनुरूपतेची घोषणा पुरते. पण मोजणी टळत नाही. कंट्रोलर घरगुती विजेवर चालतो, आणि त्याचा पॉवर सप्लाय वीजतारांतून मागे किती गोंगाट ढकलतो ते १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत बघतात.

ट्रान्समीटरचा अहवाल, सर्किटचे आराखडे, आतले-बाहेरचे फोटो आणि वापरपुस्तिका हे सगळे एफसीसीने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्थेकडे जाते. ती छाननी करून प्रमाणपत्र देते आणि पाटीच्या मागे एफसीसी आयडी छापला जातो. पुढे अँटेना बदलला, किंवा उत्सर्जनावर परिणाम होईल असा भाग बदलला, तर पुन्हा मोजणी आणि गरजेप्रमाणे नवा अर्ज. कोड पाठवण्याचा वेग किंवा शब्दांमधली शांतता प्रोग्रॅममध्ये बदलली तरी वजावटीचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. प्रमाणन संस्थांनाही दिलेल्या प्रमाणपत्रांपैकी किमान ५ टक्के उत्पादने नंतर पुन्हा तपासावी लागतात. त्यांत एखादी पाटी आली, तर बाजारातला नमुना मिळवून त्याची प्रमाणपत्राशी ताडून पुन्हा मोजणी होते.